गाण्याने वसलेली क्षेत्रे

खानदेशात दगडी देवळांची वाण नाही. साक्री तालुक्यातील बलसाणे, चाळीसगावनजीकचे पाटण आणि वाघळी, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव या गावांतून यादवकालीन व त्याही पूर्वीचे कोरीवकाम आजही उभे आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या दप्तरात त्याची यथायोग्य नोंदही आहे. परंतु वारकरी घराण्यातील खानदेशी माणसास आपल्या मुलुखातले क्षेत्र कोणते असे विचारले, तर तो या शिल्पवैभवाकडे बोट न दाखवता मुक्ताईचे नाव घेईल. देवळास क्षेत्रत्व कशाने येते, या प्रश्नाचे उत्तर शिल्पशास्त्रापेक्षा वाङ्मयात अधिक सापडते, असे मला वाटते. आणि ते नीट उमगण्यासाठी प्रथम कावेरीच्या तीरावर जावे लागते.

तमिळ देशात इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत शिवभक्त नायन्मार आणि विष्णुभक्त आळवार गावोगाव फिरले. नायन्मारांची संख्या त्रेसष्ट आणि आळवारांची बारा मानतात. त्यांत राजे होते तसे कोळी, कुंभार आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतले भक्तही होते. त्यांची विशेषता अशी की त्यांनी देवाची स्तुती केली ती अमुक गावच्या, अमुक नदीकाठच्या, अमुक वृक्षाखालच्या देवाची. संबंदर, अप्पर आणि सुंदरर या तिघांच्या पदांत जी शिवस्थाने आली त्यांना ‘पाडल् पेट्र स्थलम्’ म्हणजे गीत लाभलेले स्थान म्हणतात, आणि त्यांची गणना पावणेतीनशेच्या घरात जाते. आळवारांनी गायिलेली विष्णुस्थाने एकशे आठ. त्यांतली दोन या भूलोकावरची नव्हेत, आणि उरलेल्यांत द्वारका, अयोध्या, बदरीनाथ असली तरी आपल्या महाराष्ट्रातले एकही नाही. गीत लाभले की ओबडधोबड देऊळही क्षेत्र ठरावे, असा हा संकेत होता. अप्परांची मूर्ती तर हाती गवत खुरपण्याचे अवजार घेतलेलीच दाखवतात, कारण ज्या देवाला गायचे त्याचे अंगण आपणच स्वच्छ करायचे, हे त्यांचे व्रत होते.

पण गीतेही नष्ट होतात. संबंदरादिकांची पदे कालांतराने विस्मृतीत गेली, तेव्हा चोळ सम्राट राजराज आणि शिवभक्त नंबियांडार नंबी यांनी चिदंबरमच्या देवळातील बंद दालन उघडवले आणि वाळवीने खाल्लेल्या ताडपत्रांतून उरले तेवढे वाचवले, अशी परंपरा सांगते. त्याच राजराजाने तंजावरचे बृहदीश्वर मंदिर बांधून 1010 साली पूर्ण केले, आणि तेथे ही पदे गाण्यासाठी 48 गायक नेमून त्यांना रोजचे भात देवळाच्या कोठारातून तोडून दिले. ही तजवीज त्याने दगडावर कोरून ठेवली. पुढे त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरच्या भोसल्यांनी 1803 साली आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरला, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते.

ताडपत्रे वाचवल्याची ही हकीकत वाचताना मला नेहमी धुळ्याची आठवण होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 साली तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ समर्थ रामदास व त्यांच्या शिष्यपरंपरेची बाडे मठामठांतून, माळ्यावरून, देवघरांतून गोळा करण्यात घालवला. समर्थ संप्रदायाचे मठ थेट तंजावरपर्यंत पसरलेले असल्याने शोधाचे क्षेत्रही तितकेच विस्तीर्ण होते. नंबींच्या पाठीशी सम्राट होता. देवांच्या पाठीशी लोकांनी दिलेल्या वर्गणीखेरीज फारसे काही नव्हते. त्या संग्रहासाठी धुळ्यात उभ्या राहिलेल्या वास्तूला समर्थ वाग्देवता मंदिर असे नाव दिले गेले, आणि शब्दांची मूर्ती म्हणून हस्तलिखितांची स्थापना करणारे ते देऊळ मी तरी कोणत्याही पुरातन राउळाइतकेच पवित्र मानतो.

शासनाने दान दिले तरी क्षेत्र टिकतेच असे नाही, याचा दाखला पाटणला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा राजज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला. त्या मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा शके 1128 चा शिलालेख तेथे आहे, आणि त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. तो दगड राहिला. मठ, गुरू आणि विद्यार्थी गेले. (हा चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षांचा योगी नव्हे, दोघांची गल्लत पुष्कळ जण करतात.)

तो योगी मात्र आपल्याला मुक्ताईकडे नेतो. त्याने ज्ञानेश्वरांस कोरे पत्र धाडले, त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत आले, आणि शेवटी त्या वयोवृद्ध सिद्धाने गुरू केली ती कुमारवयातील मुक्ताबाईला. त्याची समाधी गोदातीरी पुणतांब्यास असली, तरी तापी-पूर्णेच्या संगमी त्याच्या नावाचे भव्य देऊळ आहे. तेथून जवळच, कोथळी-मेहूण परिसरात, शके 1219 च्या वैशाख वद्य दशमीस मुक्ताबाई विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावली, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वर आदल्या कार्तिकात गेले होते, पाठोपाठ सोपान व वटेश्वर गेले, आणि ताटीच्या अभंगांतून रुसलेल्या थोरल्या भावाला समजावणारी ही धाकटी बहीण निवृत्तिनाथांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांनी हा प्रसंग घरोघर पोचवला. ज्या जागी देह नाही, समाधी नाही, दाखवण्यासारखी कोणतीही खूण नाही, त्या जागेचे क्षेत्र झाले ते केवळ या गायनाने.

आळवारांतली एकमेव स्त्री आंडाळ हिची कथाही अशीच शेवटास जाते: श्रीविल्लिपुत्तूरची ही मुलगी श्रीरंगमच्या गर्भगृहात शिरली आणि देवात विलीन झाली. तिची तीस पदे मार्गळी महिन्यात तमिळ घरांतून रोज पहाटे म्हणतात. पण आंडाळला गर्भगृह लाभले. मुक्ताईला लाभले ते उघडे आकाश आणि नदीचा काठ. हा भेद मला फार मोठा वाटतो. तमिळ संतांनी प्रत्येक गावच्या देवाला त्याच्या ठायीच स्थिर करून गायिले, म्हणून तेथे शेकडो क्षेत्रे झाली. मराठी संतांनी आपली सारी वाणी एका पंढरीस वाहिली, म्हणून आपल्याकडे इतर क्षेत्रांना चालत तिकडे जावे लागते.

हातनूर धरणाच्या फुगवट्याने तापीकाठची जुनी वस्ती हलली आणि एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, परंतु क्षेत्राचा व्यवहार थांबला नाही. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. ज्येष्ठाच्या प्रारंभीच मुक्ताईची पालखी निघते आणि महिन्याहून अधिक काळ, विदर्भ-मराठवाड्यातून चालत, आषाढीस पंढरपुरी पोचते. मानाच्या पालख्यांत हिचा पल्ला फार लांबचा. आणि वैशाखातल्या अंतर्धान सोहळ्यासाठी उलट दिशेने पंढरपुराहून पांडुरंगाच्या व नामदेवांच्या पादुका तापीतीरी येतात, आणि दशमीस तेथे जमलेल्या वारकऱ्यांसमवेत नामदेवांचेच अभंग गायिले जातात.