नाव विळ्याचे, कार्य कात्रीचे

गवत कापणाऱ्या जुन्या अमेरिकन यंत्रातील पात्याला इंग्रजीत ‘सिकल’, म्हणजे विळा, म्हणतात. हे नाव दुरुस्ती करणाऱ्यास फसविते. विळा एकट्या धारेने कापतो. येथे त्रिकोणी पाती स्थिर ‘बोटां’तील पोलादी पट्ट्यांवरून आडवी सरकतात व गवत त्या दोहोंमध्ये कात्रले जाते. ओबेड हसी याच्या १८३३ च्या पेटंटातील कापणीयंत्रही मागेपुढे सरकणाऱ्या पात्याचेच होते.

मॅकॉर्मिक-डीअरिंग नं. ९ हे घोड्यांनी ओढावयाचे यंत्र अमेरिकेतील अमिश शेतकरी आजही वापरतात. असे यंत्र पारखताना नुसता गंज पाहणे व्यर्थ होय. गंज बहुधा वरवरचाच असतो. धार उत्तम असूनही पाते व पट्टी यांत फट असल्यास गवत न कापता दुमडते. अशा वेळी झिजलेल्या पट्ट्या बदलाव्यात, वाकलेली बोटे एका पातळीत आणावीत. दांड्याचे बाहेरचे टोक आतल्यापेक्षा फुटामागे सुमारे पाव इंच पुढे असावे लागते. चालताना गवताच्या रेट्याने ते मागे येते आणि पाते जोडदांड्याच्या रेषेत धावते. बिजागरीच्या खिळी झिजल्या की हा पुढावा नाहीसा होतो, आणि मग नवे पाते बसवूनही ते लवकरच मोडते.