छप्पर आपले, भाव विक्रेत्याचा

पुण्यात किंवा नाशकात छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला शिल्लक विजेसाठी गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. महावितरणचा नेट मीटर ती मोजतो आणि वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार तिचा हिशेब होतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदानही ठरलेले आहे. ह्यूस्टनजवळच्या केटी आणि शुगरलँडमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनो आणि फ्रिस्कोमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसमोरचे गणित मात्र पार वेगळे आहे. उन्हाची तिथे ददात नाही. घोळ आहे तो भावाचा.

टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २००२ पासून राज्याच्या बहुतांश भागात विजेची किरकोळ विक्री खुली झाली. तारा, खांब आणि मीटर ह्यूस्टनमध्ये सेंटरपॉइंटचे, डॅलसमध्ये ऑन्कॉरचे. वीज विकणारे मात्र डझनावारी. प्रत्येकाची योजना, मुदत आणि दर निराळे. आपल्या बिलावर वीज आकार आणि वहन आकार वेगळे छापलेले असतात. तिथे या दोन्हींचे धनीच वेगळे आहेत. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो या शहरांनी आपापल्या नगरपालिकांच्या वीज संस्था राखल्या आणि ती या बाजारात उतरली नाहीत.

खुल्या बाजाराच्या भागात छपरावरची शिल्लक वीज अमुक भावाने घ्याच, असे बंधन विक्रेत्यावर नाही. सगळे करारावर अवलंबून. कुणी दिलेल्या युनिटला घेतलेल्या युनिटइतकाच वीज आकार देतो, कुणी त्यावर मासिक मर्यादा घालतो, कुणी त्या त्या पंधरा मिनिटांचा घाऊक भाव देतो. समान भावाच्या करारातही वहन आकार बहुधा परत मिळत नाही. ग्रिडमधून घेतलेल्या प्रत्येक युनिटवर तो लागतोच. शिवाय हे करार वर्षा-दोन वर्षांचे, आणि पॅनेलची हमी २५ वर्षांची. पहिल्या वर्षीच्या भावावर पुढच्या पाव शतकाचा हिशेब मांडून दाखवणाऱ्या पॅनेल-विक्रेत्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

एक हिशेब मांडून पाहू. आठ किलोवॉटच्या संचाला वॅटमागे पावणेतीन डॉलर धरले तर २२,००० डॉलर लागतात. वर्षाला ११,००० युनिट तयार झाली, निम्मी घरात वापरली गेली आणि ग्रिडची वीज सगळे आकार धरून १५ सेंटला पडते असे समजू. घरातल्या वापराने ८२५ डॉलर वाचतात. उरलेल्या ५,५०० युनिटांना १० सेंट मिळाले तर आणखी ५५० डॉलर, आणि घाऊक भावाने सरासरी तीन सेंट मिळाले तर फक्त १६५. पहिल्या कराराने पैसे १६ वर्षांत वसूल होतात, दुसऱ्याने २२ वर्षांत. छप्पर तेच, ऊन तेच.

घाऊक भाव इतका पडतो त्याचे कारणही सूर्यच आहे. टेक्सासच्या ग्रिडवर भर दुपारी मोठ्या सौर प्रकल्पांची २५ हजार मेगावॉटहून अधिक वीज एकाच वेळी आली आहे. घराघरांतली शिल्लकही त्याच वेळी बाहेर पडते. चढा भाव मिळतो उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, सूर्य कलल्यावर.

फेब्रुवारी २०२१ मधल्या हिमवादळात घाऊक भाव युनिटला नऊ डॉलरपर्यंत चढला होता. ग्रिडी नावाची कंपनी ग्राहकांना थेट घाऊक भावाने वीज देत असे. त्यांना हजारो डॉलरची बिले आली. त्याच वर्षी राज्याने घरगुती ग्राहकांना अशा योजना विकायला बंदी केली. वीज घेताना हे संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. पण वीज देताना तोच घरमालक घाऊक भावावर सोडलेला आहे, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. ऑस्टिनच्या नगरपालिकेच्या वीज संस्थेने २०१२ मध्येच सौर विजेचे मोल ठरवून दर जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. तसा किमान दर राज्यभर लावता आला असता.

आतापर्यंत या गणिताला टेकू होता तो केंद्रीय प्राप्तिकरातल्या ३० टक्के सवलतीचा. २२,०००चा संच त्यामुळे १५,४०० डॉलरना पडे आणि वसुली ११ किंवा १६ वर्षांत होई. २०२२च्या कायद्याने ही सवलत पुढच्या दशकातही राहणार होती. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने स्वतः संच विकत घेणाऱ्यांसाठी ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली. राज्याकडून मिळणारी एक सवलत टिकून आहे: संचामुळे घराचे मूल्य वाढले तरी त्या वाढीवर मालमत्ता कर लागत नाही.

आणि कर्ज. कमी व्याजाचे म्हणून जे कर्ज दारावर येऊन विकले जाते, त्यात मध्यस्थाचे शुल्क मुद्दलातच मिसळलेले असते. रोखीच्या किमतीहून ३० टक्के किंवा त्याहून जास्त वाढ यामुळे झाल्याचे अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२४ मध्ये नोंदवले. म्हणजे सवलतीइतकीच रक्कम कर्जात गडप. ह्यूस्टनमध्येच मुख्यालय असलेली सनोव्हा ही मोठी कंपनी जून २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा २५ वर्षांची हमी देणाराही तितकी वर्षे टिकेलच असे नाही.

वीज गेली तरी आपले घर उजळलेले राहील, असाही समज असतो. बॅटरी नसेल तर ग्रिड बंद पडताच नेहमीचा छपरावरचा संचही बंद होतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, तेव्हा नुसती पॅनेल पुरेशी नव्हती. बॅटरीमुळे दुपारची वीज संध्याकाळी वापरता येते, पण खर्च आणखी हजारो डॉलरनी वाढतो.

तिथल्या आपल्या लोकांना माझे सांगणे आहे की संच छपराच्या मापाने घेऊ नका, दिवसाच्या वापराच्या मापाने घ्या. जी वीज घरातच वापरली जाते तिचा भाव कोणताही विक्रेता पाडू शकत नाही. रोखीची किंमत आणि कर्जाची किंमत दोन्ही लेखी मागा, आणि शिल्लक विजेचा करार संपल्यावर भाव काय राहील हे आधी विचारा. दारावर येऊन केलेला सौदा रद्द करायला केंद्रीय नियमाने कामकाजाचे तीन दिवस मिळतात. सही झाली असली तरी त्या तीन दिवसांत कागद पुन्हा वाचा.