ब्रुकलिनचा डॉजर्स संघ

१८९८ साली न्यूयॉर्क शहरात विलीन होईपर्यंत ब्रुकलिन हे स्वतःचा महापौर आणि स्वतःचा मुलकी कारभार असलेले स्वतंत्र नगर होते. ते वैभव गेल्यावर ब्रुकलिनकरांना सर्वस्वी आपला म्हणता येईल असा जो थोडा ठेवा उरला, त्यात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या धंदेवाईक बेसबॉल संघाला अग्रस्थान द्यावे लागेल. ट्रामगाड्यांना हुलकावण्या देत रस्ता ओलांडणारे म्हणून तेथील लोकांची जी टवाळी होई, तिच्यातूनच या संघाला ‘डॉजर्स’ हे नाव मिळाले.

चार्ल्स एबेट्स हा तिकिटे विकण्यापासून आणि हिशेब लिहिण्यापासून आरंभ करून मालकपदाला पोहोचलेला चिकाटीचा गृहस्थ. ‘पिगटाउन’ नावाच्या गलिच्छ वस्तीतले भूखंड, भाव चढू नयेत म्हणून आपले नाव गुप्त ठेवून, त्याने एकामागून एक खरेदी केले आणि १९१३ साली तेथे ‘एबेट्स फील्ड’ हे क्रीडांगण उभे केले. वार्ताहरांसाठी कक्ष बांधायचाच मात्र राहून गेला! या क्रीडांगणाचे वैशिष्ट्य त्याच्या प्रेक्षकांत होते. हिल्डा चेस्टर नावाची बाई गुरांच्या गळ्यातली घंटा वाजवीत बसे. हौशी वादकांचे एक बेसूर पथक, पंच मैदानात उतरताच, आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवून त्यांचे स्वागत करी. उजवीकडच्या भिंतीवर धावफलकाच्या तळाशी एब स्टार्क या कापडवाल्याची जाहिरात होती: जो फलंदाज या पाटीवर चेंडू मारील त्याला एक सूट बक्षीस. पाटी इतकी खाली होती आणि तिच्यासमोर कार्ल फुरिलोसारखा क्षेत्ररक्षक उभा असे की, दुकानदाराला सूट क्वचितच द्यावे लागले. जाहिरात मात्र इतकी फळली की पुढे हा गृहस्थ राजकारणात शिरून ब्रुकलिन विभागाचा अध्यक्षही झाला.

या संघाचे ज्या एका कृत्यासाठी अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात स्मरण केले जाते, ते १५ एप्रिल १९४७ रोजी घडले: त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख साखळी स्पर्धांची दारे, कोणताही लेखी नियम नसताना, केवळ वहिवाटीने बंद होती. संघाचा मुखत्यार ब्रँच रिकी याने १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला आपल्या कचेरीत बोलावून, मैदानावर ज्या शिव्या कानी पडतील त्या स्वतःच त्याला ऐकवल्या आणि उलट हात न उगारण्याचे वचन घेतले. रिकीच्या मनात धर्मबुद्धी किती आणि तिकिटविक्रीचा हिशेब किती, याची वाटणी करीत बसण्यात मला स्वारस्य नाही. दोन्ही होते आणि दोन्ही फळले. संघातल्याच काहींनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज तयार केला होता, तरी १९४७ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला.

विजेतेपद मात्र हुलकावणीच देत राहिले. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच अंतिम मालिकांत शेजारच्या यांकीज संघाने ब्रुकलिनला धूळ चारली, आणि ‘पुढल्या वर्षी पाहू’ हे तेथील लोकांचे पालुपदच होऊन बसले. ते वर्ष १९५५ मध्ये उगवले. सातव्या, निर्णायक सामन्यात ब्रुकलिन दोन धावांनी पुढे असता, सहाव्या डावात यांकीजचे दोन गडी बेसवर होते आणि योगी बेराने डाव्या सीमारेषेलगत उंच फटका मारला. सँडी अमोरोस हा डावखुरा असल्याने त्याचा झेल घेण्याचा हातमोजा उजव्या हातात होता. धावता धावता तोच हात लांबवून त्याने चेंडू टिपला आणि तत्काळ परत फेकून पहिल्या बेसवरचा गडीही बाद करविला. तेवीस वर्षांच्या जॉनी पॉड्रेसने प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही.

अवघ्या दोन वर्षांनी संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. जुने मैदान अपुरे पडू लागले होते. मालक वॉल्टर ओमॅली याला अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या नाक्यावर स्वखर्चाने नवे क्रीडांगण बांधायचे होते, पण तेथील जमीन सरकारी अधिकाराने संपादन करून देण्याची त्याची मागणी नगररचनेचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस याने साफ फेटाळली आणि क्वीन्स विभागातली जागा पुढे केली. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा अखेरचा सामना पाहायला जेमतेम ६,७०२ प्रेक्षक आले. १९६० मध्ये क्रीडांगण जमीनदोस्त झाले.

लॉस एंजेलिसमध्ये या संघाने दुसऱ्याच वर्षी विजेतेपद पटकावले, आणि १९६२ मध्ये त्याचे नवे क्रीडांगण चावेझ रव्हीन येथे खुले झाले. सरकारी घरबांधणीच्या नावाखाली तेथील मेक्सिकन कुटुंबांना आधीच उठवले गेले होते; घरे बांधली गेली नाहीत आणि जमीन अखेर संघाच्या पदरात पडली. ब्रुकलिनने सारा दोष ओमॅलीच्या माथी मारला. माझ्या मते त्यातला निम्मा मोझेसकडे जातो; आणि चावेझ रव्हीनच्या विस्थापितांचा जाब तर लॉस एंजेलिसच्या नगरशासनालाच विचारायला हवा होता.