दरफलक, बिल्ला आणि मोझेकची फरशी

भवानी मंडपात शेतकरी सहकारी संघाची जुनी इमारत आहे. 'जरा संघात जाऊन येतो' असं घरातून कुणी म्हणालं, तर कुठला संघ, हे कोल्हापुरात विचारावं लागत नसे. 1939 साली तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही संस्था. शेतकऱ्याला खत-बियाणं रास्त दरात मिळावं आणि घरचा बाजारही त्याच विश्वासानं व्हावा, हा तिचा पाया. संघाचं बैलाचं चिन्ह वाचता न येणाऱ्यालाही ओळखता यायचं. राजारामपुरीत आजही रिक्षावाल्याला 'जनता बझार चौक' एवढं सांगितलं की पुरतं. दुकानाचं नाव चौकाला चिकटतं, तेव्हा त्या दुकानानं गावाच्या रोजच्या जगण्यात जागा मिळवलेली असते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर शहरातल्या अशाच एका जुन्या ग्राहक भांडारात पुन्हा गेलो. संस्था अडचणीतून चालली आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दारातच पिशव्या ठेवायचा कट्टा. पिशवी दिली की हातात पत्र्याचा गोल बिल्ला येतो. त्यावरचा आकडा हजारो हातांनी घासून पुसट झालेला. आत ठिपक्यांची मोझेकची फरशी. काउंटरसमोर, जिथं गिऱ्हाईक उभं राहतं, तिथंच ती झिजून गुळगुळीत झालेली. भिंतीला लोखंडी अँगलचे हिरवे रॅक, वर संस्थापकांच्या तसबिरी, चंदनी हार घातलेल्या. आणि सगळ्यांत ठळक म्हणजे काळा दरफलक: साखर, शेंगदाणा, हरभराडाळ, गूळ. नावं रंगानं पक्की लिहिलेली, दर मात्र खडूनं.

ही सजावट कुणी हौसेनं केलेली नाही. तिच्यातल्या एकेका वस्तूमागं कारण आहे. दरफलक दारासमोर लागला, कारण माणूस बघून दर सांगायची पद्धत मोडायची होती. काटा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आला, कारण 1958 पासून पायली-शेर मागं पडून किलो आला, तेव्हा नव्या वजनात फसवलं जाण्याची धास्ती घरोघर होती. बिलाची रीतही तशीच. एक जण चिठ्ठी लिहिणार, दुसरा पैसे घेऊन शिक्का मारणार, तिसरा तो शिक्का बघून माल देणार. गिऱ्हाइकाला तीन ठिकाणी उभं राहावं लागे, पण पैसा आणि माल एका हातात कधी येत नसे. सभासदांच्या पैशाचं दुकान असंच राखावं लागतं.

या दुकानांचं मूळ इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये आहे. 1844 च्या डिसेंबरात तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी वर्गणी काढून पीठ, लोणी, साखर विकणारं छोटं दुकान उघडलं. माल शुद्ध, माप पुरं आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना, हे त्यांचे नियम. मुंबईत 1948 साली नायगावच्या कामगारवस्तीत 'अपना बाजार' त्याच वाटेनं सुरू झाला. 1962 च्या चीन युद्धानंतर महागाई भडकली आणि केंद्र सरकारनं ग्राहक भांडारांची योजना देशभर नेली. 1966 च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, त्याच वर्षी दिल्लीत 'सुपर बाजार' उघडला. गावोगावी उभे राहिलेले बझार याच टंचाईच्या काळातले आहेत.

कोल्हापूरला हे रोप परकं वाटलं नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवून गुळाला हक्काची पेठ दिली होती. पुढं साखर कारखाने आणि दूध संघांनी सहकार घराघरात नेला. 'गोकुळ'चा संघ 1963 चा. पन्हाळा तालुक्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात तर सत्तरच्या दशकात 'वारणा बझार' सुरू झाला. मोठ्या शहरातल्यासारखं एका छताखालचं दुकान खेड्यातल्या बाईच्या दारात आलं. रॅकवरून वस्तू स्वतः उचलायची, उलटसुलट करून बघायची, नको तर परत ठेवायची, हा अनुभव तिला नवा होता. उधारीच्या वहीसमोर मान खाली घालून उभं राहणाऱ्या घरांना ही मोकळीक केवढी मोठी वाटली असेल!

दिवाळीत या दुकानांचा खरा थाट. सभासदांसाठी सवलतीची साखर, रवा, मैदा, तेलाचे डबे, मोती साबण, उटण्याच्या पुड्या. आमच्या घरचा फराळ या रांगेत उभं राहिल्याशिवाय सुरूच होत नसे.

1991 नंतर बाजार खुला झाला, टंचाई सरली, मोठी भांडवलवाली दुकानं आली. 1990 पासून पाकिटावर कमाल किंमत छापणं बंधनकारक झाल्यानं दरफलकाचं काम पाकिटानंच उचललं. काही बझार कारभाराच्या ढिलाईनं खचले, हेही मान्य करायला हवं. दिल्लीचा सुपर बाजार 2002 मध्ये बंद पडला. 2023 च्या नवरात्राआधी भाविकांच्या सोयीसाठी संघाची भवानी मंडपातली इमारत प्रशासनानं ताब्यात घेतली, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. ती जागा त्यांना आपली वाटत होती.

रॉचडेलचं ते पहिलं दुकान 1931 पासून संग्रहालय म्हणून जपलं आहे. आपल्याकडं दुरुस्ती निघाली की पहिल्यांदा भंगारात जातो तो दरफलक, मग काटा, मग बिल्ले. ज्या संचालक मंडळांच्या हाती अजून अशी दुकानं आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे: नवं जरूर करा, संगणक आणा, दिवे बदला, पण एक भिंत, एक काउंटर आणि तो काळा फलक जागेवर ठेवा. आणि वाचकहो, यंदा फराळाच्या सामानातली निदान एक पिशवी आपल्या गावच्या सहकारी भांडारातून आणा.