बोदोनीचें अक्षर आणि आपली लग्नपत्रिका

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीचें लग्न झालें. परप्रांतीय स्नेह्यांसाठीं पत्रिका इंग्रजींत छापविली होती. ती दिसावयास मोठी देखणी. वधूवरांचीं नांवें तर कोरल्यासारखीं. परंतु कार्यालयाचा पत्ताही त्याच वळणाच्या अगदीं बारीक अक्षरांत होता. धारवाडचे आमचे एक कानडी स्नेही, वय ऐंशीच्या घरांत, तो लावतां लावतां भलत्याच पेठेंत गेले आणि आले तेव्हां अक्षता पडून गेल्या होत्या. “मास्तर, नांवें वाचलीं, पत्ता कांहीं लागेना,” एवढेंच ते म्हणाले. मुलांचीं अक्षरें सुधारण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास हें बोलणें लागलें, आणि त्या वळणाचें मूळ मी शोधूं लागलों.

हें वळण इटलीच्या जांबात्तिस्ता बोदोनीचें. त्याचा जन्म १७४० मध्यें सालुत्सो येथें एका मुद्रकाच्या घरीं झाला. १७६८ पासून १८१३ मध्यें मरेपर्यंत तो पार्मा येथील ड्यूकचा छापखाना पाहत असे. त्याच सुमारास पॅरिसमध्यें फिर्मां दिदो यानेंही असेंच वळण सिद्ध केलें. उभी रेघ चांगली जाड, आडवी केसाएवढी, आणि अक्षराच्या डोक्यावरची व पायाखालची छोटी आडवी पट्टीही केसाएवढीच, ही त्याची खूण. आपल्या बोरूच्या अक्षरांतही जाड-बारीक असतेंच. पण टोंक तिरपें कापलेलें असल्यानें जाड रेघ हळूहळू बारीक होते. बोदोनींत हा पालट एकाएकीं होतो. नितळ कागद मिळूं लागल्यामुळेंच अशा रेघा उमटूं शकल्या.

मोठ्या आकारांत हा विरोध डोळ्यांस सुखवितो. ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावरील नांव याच जातीचें आहे. बारीक आकारांत मात्र त्या नाजूक रेघा तुटतात. इंग्रजी लहान ‘ई’ची मधली रेघ गेली कीं त्याचा ‘सी’ होतो, आणि ओळींत नुसते उभे खांब उरतात.

धातूच्या खिळ्यांच्या काळीं प्रत्येक आकारासाठीं निराळा ठसा कोरावा लागे. त्यामुळें लहान अक्षरास थोडी जाड रेघ व थोडी मोकळी जागा देतां येई. बोदोनीच्या पश्चात् त्याची पत्नी मार्गेरिता हिनें १८१८ मध्यें त्याच्या अक्षरांचें नमुनापुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध केलें. त्यांत एकाच वळणाचे लहानमोठे आकार ओळीनें मांडलेले आहेत. आज संगणकावर बहुधा एकच चित्र हवें तसें फुगवितात किंवा आकसवितात. हा दोष ओळखून १९९४ मध्यें निघालेल्या ‘आयटीसी बोदोनी’त ६, १२ व ७२ पॉइंटांसाठीं तीन निराळीं वळणें काढलीं. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच.

तेव्हां घरांत कार्य निघालें तर छापखानेवाल्यास सांगावें, नांवें हवीं तेवढीं नाजूक असूं द्या. पण तिथि, वेळ व पत्ता सारख्या जाडीच्या अक्षरांत घाला. छापण्यापूर्वीं कच्चा नमुना घरांतील सर्वांत वृद्ध माणसाकडून वाचवून घ्यावा. आमच्या घरीं तो माणूस मीच होतों. नमुना माझ्याच हातीं आला होता. मीं नांवें पाहून ‘छान’ म्हटलें आणि पत्ता वाचला नाहीं.