तैपेईत उतरावे कोठे?

तैपेईत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सायंकाळी पाच वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. त्याच दिवसांत मुंबईत तो सहाच्या सुमारास मावळतो. तासाभराचा हा फरक हॉटेलांच्या जाहिरातींत सहसा दिसत नाही. मात्र यंत्रसामग्री, सुटे भाग, हार्डवेअर किंवा इलेक्ट्रॉनिक मालाच्या खरेदीसाठी तैवानला जाणाऱ्या आणि चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्याने तो खोलीच्या भाड्याइतक्याच गांभीर्याने हिशेबात धरला पाहिजे. प्रदर्शनात साडेचारपर्यंत सौदा चालला, पुढे अर्धा तास मेट्रोत गेला आणि नंतर जेवणाच्या शोधात दहा मिनिटे वणवण झाली, की त्या दिवशीचे रात्रीचे जेवण बुडालेच म्हणून समजावे. मग खोली कितीही ऐसपैस असो आणि सकाळचा नाश्ता कितीही फुकट असो.

जूनमध्ये हा प्रश्न इतका टोकदार राहत नाही. त्या महिन्यात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो आणि मार्चमध्ये सहा वाजून गेल्यावर. पहाटेची बाजू तर अगदीच सोयीची आहे. जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडते, त्यामुळे नवकारशीची वेळ हॉटेलचे उपाहारगृह उघडण्यापूर्वीच होऊन जाते. तेव्हा तैपेईत कोठे उतरायचे हे ठरवताना पहिला प्रश्न ‘किती तारांकित’ हा नसून ‘कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कामासाठी’ हा असावा.

कामाचे ठिकाण बहुधा दोहोंपैकी एक असते. मोठी औद्योगिक प्रदर्शने शहराच्या पूर्व टोकाला नानगांग येथील प्रदर्शन केंद्रात भरतात. तेथील पहिले दालन २००८ मध्ये सुरू झाले आणि दुसरे २०१९ मध्ये. जुने जागतिक व्यापार केंद्र शिनयी भागात, ५०८ मीटर उंचीच्या ‘तैपेई १०१’ या मनोऱ्याच्या शेजारी आहे. मेट्रोची निळी आणि तपकिरी अशा दोन्ही मार्गिका नानगांगच्या प्रदर्शन केंद्रापाशी येऊन संपतात. तैपेईतील मुक्कामाचा अर्धा निर्णय या एका वाक्यात दडलेला आहे.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण मुख्य रेल्वे स्थानकाचा परिसर निवडतात आणि त्यात चूक काही नाही. ताओयुआनच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून येणारी, २०१७ मध्ये सुरू झालेली विमानतळ मेट्रो येथेच संपते. जलद गाडीला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. अतिजलद रेल्वे, साधी रेल्वे आणि शहर मेट्रोच्या दोन मार्गिका एकाच छताखाली मिळतात. पण ते छत फार मोठे आहे. जमिनीखाली दुकानांच्या लांबच लांब गल्ल्या आहेत, बाहेर पडण्याच्या दारांना इंग्रजी अक्षरे आणि आकडे दिलेले आहेत आणि चुकीच्या दाराने वर आलेला माणूस रुंद रस्त्याच्या पलीकडे सामानासह उभा राहतो. विमानतळ मेट्रोच्या फलाटापासून निळ्या मार्गिकेच्या फलाटापर्यंत चालतच दहा मिनिटे लागतात. बरोबर आई-वडील असतील तर हॉटेलला आधी एकच प्रश्न विचारावा : उद्वाहक असलेले जवळचे दार कोणते? या भागातील स्वस्त हॉटेले पुष्कळदा जुन्या इमारतींच्या दोन-तीन मजल्यांवर असतात आणि खालच्या अरुंद प्रवेशद्वारावरून वर काय आहे याचा अंदाज येत नाही.

स्थानकाच्या पश्चिमेला एकच थांबा पुढे शीमेनडिंग आहे. तरुणांचा हा आवडता बाजार पादचाऱ्यांसाठी राखलेला असून १९०८ मध्ये बांधलेली लाल विटांची मंडई त्याच्या तोंडाशीच उभी आहे. खोल्या विपुल आणि दरही परवडणारे. तरीही कुटुंबासह जाणाऱ्याने येथे दोनदा विचार करावा. रात्री उशिरापर्यंत गलबला असतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर मांस व समुद्री जीव भाजण्याचा वास खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचतो. शिलिन, राओहे, निंगशिया येथील प्रसिद्ध रात्रबाजारांना लागून असलेल्या हॉटेलांनाही हीच अडचण लागू पडते. आंबवलेल्या टोफूचा दर्प तर ज्याने घेतला त्यालाच कळतो. तो सवय नसलेल्याला हैराण करतो. रात्रबाजार पाहायला जरूर जावे, पण त्याच्या डोक्यावर झोपायला जाऊ नये.

प्रदर्शनासाठी जाणाऱ्याला सर्वांत सोयीचा पट्टा निळ्या मार्गिकेच्या पूर्व भागात, झोंगशियाओ फूशिंग स्थानकाच्या आसपास आहे. निळी आणि तपकिरी मार्गिका तेथे एकमेकींना छेदतात आणि नानगांगला जाताना दोन्हींपैकी कोणतीही चालते. निळ्या मार्गिकेने आठ थांबे लागतात, म्हणजे सोळा-सतरा मिनिटे. शीमेनहून हेच अंतर बारा थांब्यांचे आहे. वरवर पाहता फरक आठ-नऊ मिनिटांचा. पण डिसेंबरच्या सायंकाळी एवढ्या मिनिटांत ताट वाढून होते. दक्षिणेकडील दा-आन हा निवासी भाग शांत आहे, त्याच्या मध्यावर सुमारे २६ हेक्टरांचे उद्यान आहे आणि लहानमोठी शाकाहारी भोजनालयेही आहेत. खोल्यांचा दर मुख्य स्थानकापेक्षा काहीसा चढा असतो. ज्यांचे काम शिनयीच्या व्यापार केंद्रात आहे त्यांना तेथेच उतरण्याचा मोह होईल, मात्र तो शहरातील महागड्या भागांपैकी एक आहे. दोन थांबे अलीकडे राहून मेट्रोने गेले तरी काही बिघडत नाही.

याचा जमाखर्चही मांडून पाहावा. मेट्रोचे भाडे अंतरानुसार २० ते ६५ तैवान डॉलर आहे, आणि एक तैवान डॉलर म्हणजे तीन रुपयांच्या आतबाहेर. टॅक्सीचा मीटर ८५ डॉलरपासून सुरू होतो. दूरच्या स्वस्त खोलीत रोज पाचशे डॉलर वाचले, पण सूर्यास्त गाठण्यासाठी चौघांना रोज टॅक्सीने धावावे लागले, तर त्या बचतीतून फारसे काही हाती उरत नाही. मेट्रोच्या डब्यात आणि फलाटावर खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे, साधे पाणीही चालत नाही. त्यामुळे ‘गाडीतच डबा उघडू’ हा आपल्याकडचा तोडगा तेथे उपयोगी नाही. तो प्रदर्शनाच्या आवारातच उघडावा लागतो.

आता ताटाविषयी. तैवानमधील बौद्ध आणि ताओ परंपरांनी शाकाहार इतका रुजवला आहे की तेथील माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘सू’ हा एक शब्द पुरतो. अनेक लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. भोजनालयाच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक दिसते, फक्त त्याची दिशा आपल्या स्वस्तिकाच्या उलट असते. अनोळखी लिपीच्या जंगलात ते चिन्ह दिसले की पाय आपोआप वळतात. एवढेच नव्हे, तर कडक बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्या वर्गातील पाती वर्ज्य मानतात. या वर्ज्य वस्तूंना ‘ऊ शिन’ म्हणजे पाच उग्र वस्तू असे नाव आहे. गंमत अशी, की परंपरागत यादीत पाचवी वस्तू हिंग आहे. आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाची उणीव जो भरून काढतो, तोच तेथे त्यांच्या पंगतीत बसवलेला आहे!

पण येथेच सावध राहिले पाहिजे. त्यांचा शाकाहार कांदा-लसूण टाळतो, कंदमूळ टाळत नाही. मुळा, गाजर, अरवी, कमलकंद, आले आणि नाना प्रकारची अळंबी हे तर त्या स्वयंपाकाचे आधारस्तंभ. शिवाय मांसाची नक्कल करणारे सोयाबीनचे पदार्थ असतात आणि ते पाहून घरातील ज्येष्ठांची भूकच मेली तर नवल नाही. बंद पाकिटांवर शाकाहाराचा प्रकार छापणे कायद्याने बंधनकारक आहे व त्याचे पाच वर्ग आहेत : पूर्ण शाकाहारी, अंडेयुक्त, दुग्धयुक्त, अंडे व दूध दोन्ही असलेले, आणि पाच उग्र वस्तू असलेले. म्हणजे पाकिटावर ‘सू’ दिसले एवढ्यावर भागत नाही. त्याआधीचे ‘छुआन’ किंवा ‘छुन’ हे अक्षर, म्हणजे पूर्ण वा शुद्ध, ओळखता आले पाहिजे. ही दोन-तीन अक्षरे आणि ‘जमिनीखाली उगवणारे काहीही नको’ हे वाक्य चिनी लिपीत कोऱ्या कार्डावर छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवले, की भाषेची निम्मी अडचण दूर होते.

यावर सोयीचे उत्तर म्हणजे वजनावर पैसे आकारणारी शाकाहारी भोजनालये. पंचवीस-तीस पदार्थ मांडलेले असतात, आपले ताट आपण भरायचे आणि काट्यावर ठेवायचे. पालेभाजी, फरसबी, वांगे, टोफू आणि भात डोळ्यांनी पारखून घेता येतात, कोणाशी वाद घालावा लागत नाही. बहुतेक ठिकाणी दुपारनंतर विश्रांती घेऊन सायंकाळी लवकर पुन्हा वाढणे सुरू होते, कारण तैवानी माणूसही लवकर जेवतो. खोली ठरवण्यापूर्वी नकाशावर हॉटेलपासून पाच-सात मिनिटांच्या चालीत असे भोजनालय आहे का आणि ते सायंकाळी किती वाजता उघडते, हे पाहणे म्हणूनच सर्वांत मोलाचे. हॉटेलमधील नाश्त्याचे छायाचित्र नंतर पाहावे.

‘त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिकाच भाड्याने घेऊ’ हा विचार कुटुंबात हमखास निघतो. त्यात एक पेच आहे. हॉटेल म्हणून नोंदणी नसलेली सदनिका रोजच्या भाड्याने देणे तैवानमध्ये बेकायदा आहे, आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या अशा कितीतरी जागांकडे परवाना नसतो. तपासणी झाली तर दंड मालकाला होतो, पण ऐन वेळी आरक्षण रद्द होऊन रस्त्यावर उभे राहण्याची पाळी पाहुण्यावर येते. परवाना क्रमांक विचारावा आणि तो मिळाला नाही तर पुढे जाऊ नये. नोंदणीकृत हॉटेलांपैकी काहींत लहान स्वयंपाकघराच्या खोल्या असतात. त्या महाग असल्या तरी पाच-सहा जणांच्या कुटुंबाला आठवडाभरासाठी परवडू शकतात.

घरून विजेचा कुकर नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तैवानमध्ये वीजदाब ११० व्होल्ट आहे आणि भिंतीवरील खाच दोन चपट्या पिनांची. आपला २३० व्होल्टवर चालणारा हजार वॉटचा कुकर तेथे जेमतेम २३० वॉट देतो. खिचडी शिजण्याची वाट पाहता पाहता सूर्य मावळेल. ११० ते २४० व्होल्ट अशा दोन्ही दाबांवर चालणारे भांडे घ्यावे आणि खोलीत स्वयंपाक करण्यास हॉटेलची परवानगी आहे की नाही, हे आधी लेखी विचारावे. पाण्याची चिंता मात्र नाही. उकळलेले पाणी पिणे ही तेथील सर्वसामान्य सवय आहे. बहुतेक खोल्यांत विजेची किटली असते आणि अनेक हॉटेलांच्या सज्जात गरम-कोमट-थंड पाण्याचे यंत्रही असते. कोरडा खाखरा भरपूर न्यावा. ताजी फळे आणि भाज्या नेण्यास बंदी आहे.

आरक्षण करताना दोन-तीन बारकावे राहून जातात. तैपेईतील स्वस्त खोल्यांपैकी अनेकींना खिडकीच नसते आणि ती माहिती बारीक अक्षरांत असते. सकाळी सामायिक करणाऱ्याला उजाडल्याचे कळावे एवढी खिडकी तरी हवीच. शनिवारचा दर इतर दिवसांपेक्षा वेगळा लागतो आणि मोठ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात सगळेच दर चढतात. २०२५ च्या आरंभापासून हॉटेलांनी खोलीत लहान बाटल्यांतील शाम्पू, दातांचा ब्रश वगैरे एकदाच वापरायच्या वस्तू आपणहून ठेवणे बंद केले आहे. त्या घरूनच न्याव्यात. व्हिसासाठी मात्र आता मुंबईकरांना दिल्लीकडे पाहावे लागत नाही. तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राचे कार्यालय २०२४ मध्ये मुंबईत सुरू झाले आहे.

काम आटोपल्यावर दोन दिवस कुटुंबासाठी हाती असतील तर उत्तरेचे बेइतो पाहावे. गंधकयुक्त गरम पाण्याच्या झऱ्यांचे हे गाव मेट्रोने मुख्य स्थानकापासून साधारण अर्ध्या-पाऊण तासावर आहे. १९१३ मध्ये बांधलेल्या सार्वजनिक स्नानगृहाचे आता संग्रहालय झाले आहे. सार्वजनिक कुंडांत काही ठिकाणी वस्त्राविना उतरण्याची पद्धत आहे, म्हणून खोलीतच गरम पाण्याचे टाके असलेले हॉटेल घेणे बरे. व्यापारासाठी गेलेल्याने मात्र मुक्कामच बेइतोत करू नये. नानगांग तेथून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

शेवटची रात्र मात्र पूर्वेकडून हलवून मुख्य स्थानकाजवळ काढणे सोयीचे. विमानतळ मेट्रोच्या तेथील स्थानकात काही विमान कंपन्या प्रवाशांचे सामान आधीच स्वीकारतात. उड्डाणाला तीन तासांहून अधिक अवधी असेल, तर सकाळी पेट्या सोपवून मोकळ्या हातांनी पुन्हा शहरात फिरता येते आणि सायंकाळचे विमान असेल तर दुपारी उशिराचे जेवण आटोपूनच मेट्रो पकडता येते.