टायमिंगचा एक दात

इंजिन खोलणं सगळ्यांनाच येतं. हातात पाना असला की झालं! खरी परीक्षा असते ती जोडताना, आणि त्यातही कॅमशाफ्टचं टायमिंग लावताना. आमच्या ग्रुपने एटीव्हीसाठी जुन्या मोटरसायकलचं ९७ सीसीचं इंजिन घेतलं, तेव्हापासून मेसमध्ये रोज कोणी ना कोणी विचारतो, "टायमिंग कसं लावता बे?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी हेच इंजिन का ते सांगतो. हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. २०११ मध्ये कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं. आज चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कोणत्याही गावात जा, या घराण्याची गाडी दिसणारच. छोट्या चिनी एटीव्हीतलं ११० सीसीचं आडवं इंजिनसुद्धा होंडाच्याच नमुन्यावर बनलेलं असतं. म्हणजे एक शिकलं की दुसरं आपोआप आलं.

आता मूळ मुद्दा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एकच फेरा फिरतो. त्यासाठी कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या दुप्पट दात असतात. समजा कॅमला २८ दात आहेत. चेन एक दात सरकली, तर कॅम ३६० भागिले २८, म्हणजे साधारण १२.९ अंश चुकला. क्रँकच्या हिशेबात ही चूक दुप्पट, जवळजवळ २६ अंश! कॅम तेवढा मागे पडला, तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. किक मारताना आत आलेलं मिश्रण थोडं परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं, कॉम्प्रेशन बसत नाही आणि गाडी लवकर सुरू होत नाही. चूक आणखी मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकू शकतो.

टायमिंग लावताना प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. चेन तारेने बांधून वर धरा, नाहीतर ती खाली केसमध्ये जाते. मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून त्यावरची 'टी' खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. जवळच 'एफ' खूण असते, ती इग्निशनची. तिच्यावर टायमिंग लावायचं नाही. मग कॅम स्प्रॉकेटवरची 'ओ' खूण हेडवरच्या खाचेसमोर ठेवून चेन चढवा. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची चेन ताणलेलीच हवी. तिथे ढील राहिली, तर टेन्शनर लावताच 'ओ' खूण जागची हलते.

हॉस्टेलमधला आवडता वाद म्हणजे, "हा टीडीसी कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा?" कॅम काढलेला असताना पिस्टनला यातलं काहीच माहीत नसतं! स्ट्रोक कोणता हे कॅम ठरवतो. 'टी'वर 'ओ' बरोबर उलट्या बाजूला आली, तर क्रँक एक फेरा फिरवा, ती जागेवर येते. या इंजिनात स्पार्क मॅग्नेटवरून, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पडतो, त्यामुळे तिथेही गडबड होत नाही. टॅपेट मात्र कॉम्प्रेशनच्याच टीडीसीवर, दोन्ही रॉकर मोकळे असताना लावायचे.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. बोल्ट आवळून, टेन्शनर लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि दोन्ही खुणा पुन्हा बघा. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावू नका, चेन उतरवून पुन्हा लावा.

कॉलेजात चूक झाली तर फार तर एक संध्याकाळ जाते. पण आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता कित्येक किलोमीटर जंगलातूनच जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागात दवाखान्यात पेशंट न्यायला अनेकदा मोटरसायकलच हाताशी असते. उद्या आपल्यापैकी कोणी असं इंजिन बांधून दिलं, तर ते तिथे पहिल्या किकला सुरू व्हायला हवं. त्यासाठी हाताने फिरवायचे ते दोन फेरे फार स्वस्त आहेत. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी